किनाबातांगनचे तुटलेले जंगल पुन्हा कसे जोडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्निओ हे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. त्याच्या ईशान्य टोकाला मलेशियाचे साबा राज्य आहे. तिथली किनाबातांगन नदी ५६० किलोमीटर वाहत जाऊन सुलू समुद्राला मिळते. या नदीच्या खालच्या टप्प्यात पूरमैदानी जंगलाचे जे तुकडे उरले आहेत, ते पुन्हा एकमेकांना जोडण्याचे काम गेली पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. त्याबद्दल लिहिले-बोलले की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

नेमके काय तुटले आहे?

एकेकाळी नदीच्या दोन्ही काठांवर सलग जंगल होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी इमारती लाकडासाठी मोठी झाडे गेली. त्यानंतर, विशेषतः १९८०च्या दशकापासून, उरलेल्या जमिनीवर तेलताडाची म्हणजे पामची लागवड झाली. आज नकाशा पाहिला तर नदीच्या वळणांवर हिरवे ठिपके दिसतात आणि त्यांच्या मागे क्षितिजापर्यंत पामच्या सरळ रांगा. २००५ मध्ये लोअर किनाबातांगन वन्यजीव अभयारण्य अधिकृत झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६,००० हेक्टर आहे, पण ते १० वेगवेगळ्या तुकड्यांत विभागलेले आहे. या तुकड्यांच्या मध्ये राखीव वने, खासगी मळे, गावांच्या जमिनी आहेत. बातू पुतेह गावाजवळ तर मोठा महामार्ग नदी ओलांडून जातो. काही ठिकाणी दोन तुकड्यांमध्ये झाडांची एकच ओळ आहे. काही ठिकाणी तीही नाही, पाम थेट पाण्यापर्यंत येतो.

जंगल तर शिल्लक आहे. मग तुकडे झाल्याने एवढे काय बिघडते?

बिघाड लगेच दिसत नाही, हीच यातली सगळ्यात फसवी गोष्ट आहे. जंगल तुटल्यानंतरही प्राणी दिसत राहतात, नावेतून जाणाऱ्या पर्यटकांना तर आधीपेक्षा जास्त दिसतात, कारण सगळे नदीकाठच्या चिंचोळ्या जागेत दाटलेले असतात. खरा परिणाम पिढ्यांच्या हिशेबाने होतो.

थायलंडमध्ये १९८६-८७ साली चिऊ लार्न धरणाच्या पाण्याने जंगल बुडाले आणि डोंगरमाथ्यांची बेटे झाली. त्या बेटांवरचे छोटे सस्तन प्राणी शास्त्रज्ञ मोजत राहिले. सुमारे २५ वर्षांत तिथले मूळचे छोटे सस्तन प्राणी जवळजवळ संपले. झाडे होती, सावली होती, खाणेही होते. बाहेरून नवीन प्राणी येण्याची वाट मात्र बंद झाली होती.

मोठ्या प्राण्यांत हे आणखी सावकाश घडते. ओरांगउटानची मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा पिलू देते. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत दोन पिलांमधले इतके मोठे अंतर क्वचितच आढळते. त्यामुळे एखाद्या तुकड्यात दरवर्षी एखाददुसरा जास्तीचा मृत्यू झाला तरी तो भरून निघत नाही. किनाबातांगनच्या ओरांगउटानची विष्ठा आणि घरट्यातले केस गोळा करून केलेला जनुकीय अभ्यास २००६ मध्ये बेन्वा गूसेन्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. जंगलतोडीच्या काळाशी जुळणारी संख्येतली प्रचंड घसरण त्या जनुकांत उमटलेली होती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला खालच्या किनाबातांगनमध्ये सुमारे १,१०० ओरांगउटान असल्याचा अंदाज होता. नंतरचे अंदाज ८०० च्या आसपासचे आहेत. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आणि सुमात्री गेंडा. साबामध्ये उरलेले थोडे गेंडे एकमेकांपासून इतके दूर विखुरले गेले की नर-मादीची गाठच पडेना. २०१९ मध्ये शेवटची मादी गेली आणि मलेशियातून ही जात संपली. शिकार हे मूळ कारण होते, हे खरे. पण उरलेल्यांना वाचवता आले नाही त्यात या विखुरलेपणाचा वाटा मोठा होता. भ्रमणमार्गांना, म्हणजे तुटलेले तुकडे जोडणाऱ्या वाटांना, 'नंतर बघू' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण सांगायला हवे.

बेटावर हा प्रश्न जास्त गंभीर का?

कारण बाहेरून भर पडत नाही. खंडावर एखाद्या भागातली जात संपली तरी शेजारच्या प्रदेशातून ती परत येण्याची शक्यता असते. बेटाच्या चारही बाजूंना समुद्र. लांब नाकाचे प्रोबोसिस माकड जगात फक्त बोर्निओवर आहे. बोर्निओच्या हत्तीची छोट्या अंगाची वेगळी उपजातही फक्त इथलीच. २०२४ मध्ये तिची संकटग्रस्त म्हणून स्वतंत्र नोंद झाली, तेव्हा सुमारे १,००० हत्ती उरल्याचा अंदाज दिला गेला.

भ्रमणमार्ग म्हणजे दोन जंगलांमधली झाडांची पट्टी, बरोबर?

बहुतेकदा हो, पण कोणाचा मार्ग हे आधी ठरवावे लागते. एकाच जागी पाच प्राण्यांच्या पाच वेगळ्या अडचणी असतात.

ओरांगउटान झाडावरचा प्राणी म्हणून ओळखला जातो. तरी कॅमेरा ट्रॅपमधून, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांमधून, स्पष्ट झाले आहे की तो जमिनीवरूनही बऱ्यापैकी चालतो, पामच्या मळ्यातही शिरतो. त्याला अडवते ते पाणी, कारण त्याला पोहता येत नाही. पूर्वी छोट्या उपनद्यांच्या दोन्ही काठांवरच्या मोठ्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडायच्या आणि तो वरूनच पलीकडे जायचा. लाकूडतोडीत नेमकी तीच झाडे गेली. मळ्यांत पाण्याचा निचरा व्हावा म्हणून खणलेले खोल चरही त्याच्या वाटेत येतात. म्हणजे इथे अडचण कधीकधी दहा-पंधरा मीटरची असते, पण ती ओलांडता येत नाही.

प्रोबोसिस माकड उलट पट्टीचे पोहणारे. त्याला रात्री झोपायला नदीकाठची झाडे लागतात, म्हणून काठाची अरुंद पट्टीही त्याच्या कामाची. धनेश उडून जातो, पण त्याला फळझाडे आणि ढोली असलेली जुनी झाडे हवीत. बोर्निओतल्या धनेशांच्या आठही जाती किनाबातांगनमध्ये आहेत. क्लाउडेड लेपर्ड हे मोठ्या ढगाळ ठिपक्यांचे रानमांजर आडोसा नसलेल्या जागेत आणि पामच्या मळ्यात शिरायला फारसा तयार नसतो. त्याला दाट झाडोराच हवा. आणि हत्ती कुठूनही जातो. तो जाताना माणसाशी गाठ पडणार नाही, एवढे पाहावे लागते.

म्हणून एकच उपाय सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी सलग पट्टी लागते, काही ठिकाणी मळ्याच्या मध्ये झाडांचे छोटे पुंजके पुरतात, काही ठिकाणी दोरीचा पूल.

पट्टी किती रुंद हवी?

साबाच्या १९९८च्या जलसंपदा कायद्यानुसार तीन मीटरपेक्षा रुंद प्रवाहांच्या काठावर २० मीटरची पट्टी राखीव ठेवायची असते. हा नियम पाण्याच्या रक्षणासाठी आहे. माती धरून ठेवायला आणि खत-औषधे नदीत जाऊ न द्यायला तो उपयोगी पडतो. प्राण्यांसाठी २० मीटर फार कमी आहेत.

ॲमेझॉनमध्ये मानाउसजवळ जंगलाच्या तुकड्यांवर १९७९ पासून चाललेल्या प्रयोगाने हे चांगले दाखवून दिले. जंगलाच्या कडेला ऊन, कोरडेपणा आणि वारा यांचा परिणाम शंभर मीटर आणि त्याहूनही आत जातो. मोठी झाडे कडेला लवकर मरतात. म्हणजे ५० मीटरची पट्टी ही दोन्ही बाजूंनी नुसती कडाच असते, तिला आतला गाभा नसतो. माझे मत विचाराल तर मुख्य नदीकाठी शंभर-दोनशे मीटरच्या खाली समाधान मानू नये. पण जागा नाही म्हणून ३० मीटरही सोडू नये. माकडे, पक्षी, मुंगसे तेवढी वाट वापरतात आणि एकदा सुरुवात झाली की रुंदी वाढवण्याचा आग्रह धरता येतो.

झाडे लावणे हेच मुख्य काम ना?

झाडे लावणे दिसते, म्हणून तसे वाटते. मुख्य काम जमिनीचे आहे. दोन तुकड्यांमधली ती अरुंद जागा कोणाच्या नावावर आहे, तिचा सातबारा म्हणा किंवा पट्टा म्हणा, कोणाकडे आहे, यावर सगळे अवलंबून असते. जागा चुकीची असेल तर कितीही रोपे लावा, ती छान वाढतील आणि कशालाच जोडली जाणार नाहीत.

किनाबातांगनमध्ये अभयारण्य वन्यजीव विभागाकडे, राखीव वने वनखात्याकडे, मळे कंपन्यांकडे आणि छोटे तुकडे गावकऱ्यांकडे असा कारभार आहे. अडलेली जागा पुष्कळदा गावकऱ्याच्या काही एकरांत असते. तिथे पाम लावायला किंवा ती मळ्याला विकायला त्याला पूर्ण मुभा असते, आणि मुलांच्या शिक्षणासाठी त्याने विकली तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून काही संस्था निधी उभा करून अशा जागा बाजारभावाने विकत घेतात. पूर्व साबातच ताबिन आणि कुलांबा या दोन वन्यजीव राखीव क्षेत्रांच्या मध्ये चक्क पामची लागवड झालेली जमीन विकत घेऊन तिथे पुन्हा जंगल उभे केले जात आहे. महाग पडते. तरी मोक्याच्या जागेवरचे दहा हेक्टर दूरच्या हजार हेक्टरांपेक्षा जास्त उपयोगाचे असू शकतात.

मळेवाल्यांशी बोलण्याचीही एक ठरावीक वेळ असते. पामचे झाड साधारण २५ वर्षांनी उंच होऊन परवडेनासे होते आणि मळा नव्याने लावावा लागतो. त्या वेळी काठावरच्या ओळी पुन्हा लावू नका, एवढेच मागायचे असते. भर उत्पन्नाच्या काळात तोडा म्हटले तर कोणी ऐकत नाही. त्यातच पूरमैदानातल्या खोलगट जमिनीत पाणी आठवडेच्या आठवडे साचते, कोवळी पामची रोपे कुजतात आणि तिथे फायदा जेमतेम असतो. अशा जागा मळ्याच्या हिशेबातही तोट्याच्या असतात. संस्थांनी हा हिशेब घेऊनच मालकाकडे जावे. कीव मागण्यापेक्षा तो जास्त पटतो.

कोणती झाडे लावतात?

पुरात टिकणारी, लवकर वाढणारी आणि फळे देणारी. पहिल्या फळीत 'लारान' हा कदंब असतो, तोच आपल्याकडचा कदंब. उघड्या उन्हात तो झपाट्याने वाढतो आणि खाली सावली करतो. काठावर उंबराच्या कुळातली झाडे फार महत्त्वाची. निरनिराळी झाडे वेगवेगळ्या महिन्यांत फळतात, त्यामुळे जंगलात दुसरे काही नसते तेव्हाही कुठेतरी उंबरे पिकलेली असतात. ओरांगउटान, धनेश, माकडे, वटवाघळे सगळे तिथे येतात आणि येताना इतर झाडांच्या बिया घेऊन येतात. म्हणून थोडी उंबरे लावली की पुढची बरीच लागवड प्राणीच करतात.

उंचावरच्या कोरड्या भागासाठी बोर्निओचे डिप्टेरोकार्प, म्हणजे तिथल्या जंगलातले उंच इमारती लाकडाचे वृक्ष हवेत, आणि तिथे अडचण येते. ही झाडे काही वर्षांच्या अनियमित अंतराने एकदम फळतात आणि त्यांचे बी साठवून ठेवता येत नाही, दिवसांत रुजते किंवा मरते. रोपवाटिका चालवणाऱ्यांना त्या हंगामावर नजर ठेवून राहावे लागते. हंगाम चुकला तर जंगलात आपोआप उगवलेली कोवळी रोपे उचलून पिशव्यांत वाढवतात.

एकाच जातीची हजारो रोपे लावणे सोपे असते आणि फोटोतही छान दिसते. तो मोह टाळावा.

रोप लावल्यानंतर काय होते?

खरी मेहनत तिथूनच सुरू होते. सुकाऊ गावात हुतान ही संस्था आहे, मार्क आंक्रेनाझ आणि इझाबेल लॅकमन यांनी सुरू केलेली. तिच्या लागवडीच्या तुकडीत गावातल्या स्त्रिया आहेत. रोपे नावेतून न्यायची, काठावर चिखलात उतरायचे, आधी कोयत्याने डोक्याएवढे गवत आणि वेल कापून जागा मोकळी करायची, मग खड्डा. प्रत्येक रोपाशेजारी एक काठी रोवतात. तिचे कारण महिन्या-दोन महिन्यांनी कळते. गवत पुन्हा उंच झालेले असते, रोप दिसत नाही, आणि काठी नसेल तर गवत कापणारा कोयता रोपावरच पडतो.

ही बेणणी एकदा करून भागत नाही. रोप गवताच्या वर जाईपर्यंत, म्हणजे दीड-दोन वर्षे किंवा अधिक, पुन्हा पुन्हा यावे लागते. वेल तर त्यानंतरही चढतात आणि कोवळ्या झाडाचा शेंडा वाकवून टाकतात. मध्येच पूर येतो आणि रोपे पाण्याखाली जातात. माकडे नवीन रोप कुतूहलाने उपटून बघतात. हरणे शेंडे खुडतात. हत्तींचा कळप एका रात्रीत सगळी रांग तुडवून जातो. ज्याच्यासाठी लागवड करायची तोच ती मोडतो, याचा इथल्या कोणाला राग येत नाही. रोपे पुन्हा लावली जातात.

म्हणून एखादी संस्था 'एवढी लाख रोपे लावली' असे सांगते, तेव्हा दोनच गोष्टी विचारा. तीन वर्षांनी किती जगली? आणि बेणणीसाठी किती वर्षांचा पैसा बाजूला ठेवला आहे? देणगीदार लागवडीला पैसे देतात, बेणणीला द्यायला नाखूश असतात. या क्षेत्रातली बरीच रोपे याच कारणाने मेली आहेत.

जंगल आपोआप उगवू दिले तर?

जवळ जुने जंगल असेल आणि गवताने जागा बळकावलेली नसेल तर तेच उत्तम. खर्च कमी, झाडे त्या जागेचीच. अशा ठिकाणी फक्त वेल कापले आणि गुरे-आगीपासून राखले तरी पुरते. मोकळ्या पडीक काठावर मात्र गवत आणि वेल यांची अशी चादर बसते की बी मातीपर्यंत पोहोचतच नाही.

पामच्या मळ्यातला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. सुमात्रा बेटावर जांबी प्रांतात २०१३ मध्ये एका मोठ्या मळ्यात स्थानिक झाडांची ५२ छोटी 'बेटे' लावली गेली. काही पाम काढून त्या जागी झाडे लावली, बाकी मळा चालू ठेवला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिथली जैवविविधता वाढली आणि मळ्याच्या एकूण उत्पन्नाला फटका बसला नाही. याने जंगल परत येत नाही. पण दोन जंगलांच्या मधला मळा पक्ष्यांना आणि कीटकांना ओलांडण्याजोगा होऊ शकतो.

दोरीचे पूल प्राणी खरेच वापरतात का?

वापरतात, पण धीर धरावा लागतो. हुतानने किनाबातांगनच्या उपनद्यांवर पहिला पूल २००३ मध्ये बांधला. अशा पुलांसाठी दोरखंडाबरोबरच अग्निशमन दलाचे जुने होजपाइपही वापरले जातात. ते पावसात टिकतात आणि जड ओरांगउटानचे वजन पेलतात. माकडे लवकर सरावली. ओरांगउटान पुलावरून जातानाचा फोटो मिळाला तो २०१० मध्ये.

हायनान या चीनच्या उष्णकटिबंधीय बेटाचा अनुभवही तसाच. २०१४च्या चक्रीवादळात तिथल्या अतिदुर्मिळ गिबन या बिनशेपटीच्या छोट्या वानराच्या जंगलात दरड कोसळून घळ तयार झाली. तिच्यावर दोर बांधल्यानंतर पहिला गिबन त्यावरून जायला १७६ दिवस लागले. नंतर कळपातले जवळपास सगळे तो वापरू लागले.

पूल म्हणजे मलमपट्टी, हे हुतानची मंडळीही मान्य करतात. दोर सडतो, बदलावा लागतो. काठावर लावलेले झाड वीस-तीस वर्षांनी फांदी पलीकडे टाकेल तोवर तो वेळ काढतो. ज्या लोकसंख्येत प्रत्येक मादी मोलाची आहे तिथे वेळ काढणेही मोठी गोष्ट आहे.

रस्त्यांचे काय?

नवीन रस्ता न होऊ देणे हा सगळ्यात स्वस्त भ्रमणमार्ग. सुकाऊ गावाजवळ नदीवर पूल आणि पलीकडे पक्का रस्ता करण्याची योजना होती. हत्तींची उरलीसुरली वाट त्यात कापली जाणार होती. संशोधकांनी, स्थानिक संस्थांनी आणि निसर्गपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड ॲटनबरो यांनीही विरोध केला आणि २०१७ मध्ये साबा सरकारने ती योजना रद्द केली. पलीकडच्या गावांना दवाखान्यासाठी रस्ता हवा होता, ही गरज खरी होती आणि ती दुसऱ्या मार्गाने भागवण्याची जबाबदारी विरोध करणाऱ्यांवरही येते.

रस्ता आधीच झालेला असेल तर काय करता येते ते सिंगापूरने दाखवले. १९८६ मध्ये तिथल्या द्रुतगती मार्गाने बुकित तिमाह आणि मध्यवर्ती पाणलोट ही दोन जंगले वेगळी केली. २०१३ मध्ये त्या रस्त्यावर ६२ मीटर लांबीचा, मातीचा आणि झाडांचा पूल पूर्ण झाला. खवल्या मांजरासह अनेक प्राणी तो वापरतात. पण चूक दुरुस्त व्हायला सत्तावीस वर्षे आणि श्रीमंत शहराचा खजिना लागला.

हत्तींचा त्रास होतो म्हणून लोक या कामाला विरोध करत नाहीत?

करतात, आणि त्यांचे ऐकले पाहिजे. हत्तीला कोवळ्या पामचा गाभा आवडतो. मळा नव्याने लावला की नुकसान सगळ्यात जास्त होते. मग मालक विजेचे कुंपण घालतो. कळप शेजारच्या मळ्यात जातो, तिथेही कुंपण, मग गावातल्या केळीच्या बागेत. प्रत्येकाने आपापले कुंपण घातले की हत्तींना उरतो तो नेमका गावाचा रस्ता. २०१३ मध्ये साबातल्या गुनुंग रारा राखीव वनाच्या परिसरात १४ हत्ती मेलेले सापडले, विषबाधेचा संशय होता. तिथवर गोष्ट जाऊ नये म्हणून कुंपणे एकत्र बसून आखावी लागतात. गावाभोवती आणि कोवळ्या लागवडीभोवती कुंपण, नदीकाठ मोकळा. एका मालकाने ऐकले नाही तर बाकीच्यांचे श्रम वाया जातात. या बैठका किचकट आणि कंटाळवाण्या असतात, आणि माझ्या मते लागवडीइतक्याच महत्त्वाच्या.

भ्रमणमार्गाचे तोटे आहेत का?

आहेत. प्राण्यांबरोबर रोगही प्रवास करतो. २०२१ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग साबात आला आणि दाढीवाल्या रानडुकरांचा मोठा फडशा पडला. अरुंद वाटेवर फासे लावणे शिकाऱ्याला सोपे जाते, म्हणून गस्त नसलेला भ्रमणमार्ग सापळा ठरू शकतो. तरीही वेगळे ठेवून तुकडे वाचत नाहीत. गस्त आणि आजाराची पाहणी यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा.

पाम तेल वापरणे बंद करावे का?

एका हेक्टरमधून पाम जितके तेल देतो तितके सोयाबीन किंवा सूर्यफूल देत नाही, कित्येक पटींचा फरक आहे. पामऐवजी त्यांची मागणी वाढली तर दुसरीकडे जास्त जमीन लागेल. म्हणून सरसकट बहिष्कारापेक्षा, नदीकाठ सोडणाऱ्या आणि जंगल न तोडणाऱ्या मळ्यांचे तेल मागणे मला योग्य वाटते. पाम तेलाची सर्वाधिक आयात भारत करतो, तेव्हा इथल्या मोठ्या खरेदीदारांनी ही अट घातली तर तिला वजन येईल.

गावकऱ्यांना यातून काय मिळते?

नदीकाठच्या गावांत मुख्यतः ओरांग सुंगाई समाज राहतो. रोपवाटिका, लागवड, बेणणी, प्राण्यांची मोजणी, गस्त ही पगाराची कामे आहेत. बातू पुतेहच्या कोपेल या सहकारी संस्थेने घरगुती निवास, नावाडी, वाटाडे आणि लागवड असा सगळा कारभार स्वतःकडे ठेवला. तुंगोग तळ्यात माजलेले परदेशी जलपर्णीसारखे तण गावकऱ्यांनी हातांनी उपसून काढले, ते कामही तिचेच. बाहेरची संस्था निधी संपला की निघून जाते. गावातली सहकारी संस्था तिथेच राहते, म्हणून बेणणी होत राहते.

मार्ग चालतो आहे हे कसे कळते?

कॅमेरा ट्रॅपमध्ये प्राणी दिसला की लोक आनंदून जातात, पण एक फोटो पुरावा नव्हे. ओरांगउटान जवळजवळ रोज नवे घरटे बांधतो, म्हणून जमिनीवरून आणि हेलिकॉप्टरमधून घरटी मोजतात आणि ती किती दिवसांत मोडतात याचा हिशेब लावून संख्या काढतात. हत्तींना आणि क्लाउडेड लेपर्डला जीपीएस पट्टे लावतात. २००८ मध्ये सुरू झालेले दानाऊ गिरांग फील्ड सेंटर हे संशोधन केंद्र अशा कामासाठी ओळखले जाते. पट्ट्यावरून प्राणी नेमका कुठे थबकतो आणि कुठून माघारी फिरतो ते कळते, आणि पुढची जागा कोणती घ्यायची ते ठरवता येते.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे एका तुकड्यात जन्मलेल्या प्राण्याचे पिलू दुसऱ्या तुकड्यात सापडणे. तो विष्ठेतल्या डीएनएवरून मिळतो आणि ओरांगउटानच्या बाबतीत त्याला दोन-तीन दशके लागतात. झाडांचा वेग वेगळा. कदंब-उंबरांचे छत्र काही वर्षांत तयार होते. धनेशाला घरटे करण्याएवढी ढोल व्हायला कित्येक दशके जातात, म्हणून सध्या मोठ्या झाडांवर लाकडी आणि प्लास्टिकच्या पेट्या बांधतात, आणि धनेशांनी त्यांत पिले वाढवली आहेत.

तिथे जाऊन हे पाहता येईल का?

येईल. सांडाकानहून सुकाऊ किंवा बिलित गावापर्यंत रस्त्याने साधारण दोन-अडीच तास लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाऊस आणि पूर जास्त असतो. गावातच निवास घ्या, म्हणजे पैसा गावात राहतो. नावाड्याला प्राण्याजवळ नाव नेण्याचा आग्रह करू नका. हत्ती नदी पोहून ओलांडत असतील तर नाव थांबवायला सांगा, इंजिनाच्या आवाजाने पिले कळपापासून सुटतात. लागवडीच्या कार्यक्रमात भाग घेणार असाल तर रोप लावण्याऐवजी एक सकाळ बेणणीला द्या.